तीनही रीडिंग सारखी कशी आली?

चिपळूणच्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलीने ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, ७४ टक्के मिळाले. आठ महिने झाले, लोटे, महाड, तारापूर, सगळीकडे अर्ज केले. मुलाखतीला बोलावतात आणि ‘अनुभव नाही’ म्हणून परत पाठवतात. दुसरीकडे उद्योगवाले सारखे सांगत असतात की कुशल माणसं मिळत नाहीत. आता एका क्लासने एचपीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनच्या, तीन महिन्यांच्या कोर्सचे ४० हजार सांगितले आहेत. ते भरावेत का? आणि एवढं शिकून नोकरी मिळत नसेल तर चूक कोणाची: मुलीची, कॉलेजची की कंपन्यांची?

मी औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये २६ वर्षं काम केलं. आधी तारापूरला, नंतर गोव्यात वेर्ण्याला. शेवटची ११ वर्षं लॅबची प्रमुख होते, त्यामुळे नवीन मुलांच्या मुलाखती घेणं आणि घेतलेल्यांना तयार करणं हे माझंच काम होतं. किती मुलाखती घेतल्या ते मोजलं नाही, पण हजाराच्या पुढे नक्की असतील. पैशांचं आधी सांगते, कारण ते तातडीचं आहे. ४० हजार आत्ता भरू नका. का, ते पुढे येईल.

मुलाखतीला आलेल्या मुलांना मी आधी खुर्चीत बसवत नसे, थेट वेट लॅबमध्ये नेत असे. एक ब्युरेट, एक दहा मिलीचं पिपेट, कोनिकल फ्लास्क, फिनॉल्फ्थॅलीनची बाटली, डेसिनॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि एक आम्ल. ‘टायट्रेशन करा, तीन रीडिंग घ्या आणि या कागदावर लिहा,’ एवढंच सांगायचं. ब्युरेट म्हणजे खुणा असलेली काचेची नळी. त्यातलं द्रावण फ्लास्कमध्ये थेंबाथेंबाने सोडायचं आणि रंग बदलेपर्यंत, म्हणजे एंड पॉइंटपर्यंत, किती मिली लागलं ते वाचायचं. बारावीपासून प्रत्येकाने केलेला प्रयोग.

एकदा एकाच दिवशी दोघं आली होती. मुलगा एम.एस्सी., ८२ टक्के. हात सुरेख होता त्याचा. ब्युरेट आधी त्याच द्रावणाने विसळून घेतलं, भरल्यावर फनेल आठवणीने काढलं, डोळा रेषेच्या पातळीवर आणून वाचलं. मी शेजारीच उभी होते. रीडिंग आली ९.८, १०.१ आणि ९.९. कागदावर त्याने लिहिलं: ९.९, ९.९, ९.९. मी विचारलं, ‘तीनही सारखी कशी आली?’ तो गोंधळला. म्हणाला, ‘मॅडम, सीबीआर यायला लागतं ना.’

ज्यांनी सायन्स केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सीबीआर म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. आपल्याकडच्या प्रत्येक जर्नलमध्ये टायट्रेशनच्या तक्त्याचा शेवटचा रकाना सीबीआरचा असतो. मुळात अर्थ असा की एकमेकांशी जुळणारी रीडिंग येईपर्यंत प्रयोग पुन्हा करायचा. पण बॅचमध्ये वीस मुलं, दोन तासांत प्रॅक्टिकल संपवायचं, सर सहीला बसलेले. मग मुलं पहिलं एक रीडिंग नीट घेतात आणि तेच खाली दोनदा उतरवतात. त्या मुलाला फसवायचं नव्हतं. पाच वर्षं त्याला जे बरोबर म्हणून शिकवलं तेच त्याने माझ्यासमोर करून दाखवलं.

दुसरी होती एक मुलगी, महाडच्या बाजूची. ६१ टक्के. हात थरथरत होता. पहिल्याच फ्लास्कमध्ये तिचा एंड पॉइंट पुढे गेला, फिकट गुलाबीऐवजी गडद रंग आला. तिने लिहिलं १०.६ आणि शेजारी लिहिलं, ‘एंड पॉइंट ओलांडला’. मग ९.९, मग १०.०. एक आकडा लिहिताना चुकला, तर त्यावर एकच आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि बाजूला बरोबर आकडा लिहिला. आमच्या लॅबमध्ये चूक दुरुस्त करायची पद्धत हीच. फक्त सही, तारीख आणि कारण वर लागतं. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? म्हणाली, ‘बाबांचं किराणा दुकान आहे. उधारीच्या वहीत गिरवागिरव केली तर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही. एक रेघ मारून बाजूला लिहायचं, असं आजोबांनी सांगितलं होतं.’

दोघांनाही घेतलं. तिचा हात दीड महिन्यात बसला. त्याची आकडे जुळवायची सवय जायला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत त्याचं प्रत्येक पान दुसऱ्या कोणीतरी शेजारी उभं राहून तपासावं लागलं.

९.८ आणि १०.१ मध्ये एवढं काय, असं वाटेल. पण तो फरक तीन टक्क्यांचा आहे, आणि कितीतरी कच्च्या मालांची शुद्धता ९८ ते १०२ टक्क्यांच्या मर्यादेत बसवावी लागते. रीडिंग डुगडुगतंय म्हणजे पिपेट गळतंय, द्रावण जुनं झालंय, नाहीतर माणसाचा हात कच्चा आहे. तीनदा ९.९ लिहिलं की यातलं काहीच कळत नाही आणि चुकीचा माल पुढे जातो. म्हणून औषध उद्योगात नोंदींचा एक नियम लहान मुलांना पाढे शिकवावेत तसा शिकवला जातो. त्याला अल्कोआ म्हणतात: नोंद कोणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम करतानाच केलेली असली पाहिजे, मूळ असली पाहिजे आणि खरी असली पाहिजे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे निरीक्षक येतात तेव्हा मशीन बघायच्या आधी वह्या बघतात. कचऱ्याच्या टोपलीतला आकडे खरडलेला चिठोरासुद्धा उचलून विचारतात, हे कुठल्या सँपलचं?

आता आपल्या कॉलेजातलं जर्नल आठवा. रफ वही वेगळी, फेअर जर्नल वेगळं. फेअर जर्नल घरी बसून, सबमिशनच्या आदल्या रात्री, मागच्या वर्षीच्या कोणाच्या तरी जर्नलमधून उतरवायचं. खाडाखोड दिसली तर गुण जातात म्हणून व्हाइटनर लावायचा. रफ वहीची पानं फाडून टाकायची. आकृत्या छान, अक्षर वळणदार, सर्टिफिकेटवर सही. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. मी स्वतः रत्नागिरीत याच पद्धतीने शिकले आणि माझ्या शिक्षकांबद्दल मला आदर आहे. पण त्यातली एकेक गोष्ट आमच्या लॅबमध्ये केली तर माणूस कामावरून जातो. व्हाइटनर आत न्यायलाच बंदी असते. मागाहून लिहिलेली नोंद म्हणजे खोटी नोंद धरली जाते.

पदवी आणि नोकरी यांच्यातल्या दरीबद्दल बोलताना सगळे म्हणतात की कॉलेजं कमी शिकवतात. माझा अनुभव त्याहून वाईट आहे. काही बाबतींत कॉलेजं नेमकं उलटं शिकवतात, आणि ते पुसून काढायला नवीन शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. यात मला आशा वाटते ती एवढ्यासाठी की हे बदलायला पैसा लागत नाही. एचपीएलसी मशीन वीस-पंचवीस लाखांच्या घरात जातं, ते गावाकडच्या कॉलेजला परवडणार नाही, मान्य. पण ‘जे रीडिंग आलं तेच लिही आणि वेगळं का आलं ते दोन ओळींत सांग’ हे सांगायला काय खर्च आहे? पाहुणी म्हणून व्याख्यानाला गेले की मी प्राध्यापकांना हेच सांगायची. एकांनी खरोखर केलं. तीन रीडिंगमधल्या फरकाचं कारण सांगण्याला त्यांनी वर्गातल्या चाचणीत चार गुण ठेवले. पण वार्षिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक उत्तर अपेक्षित आकड्याच्या किती जवळ आलं यावर गुण देतात, तेव्हा मुलं पुन्हा जुन्या वाटेने गेली. ते सर फोनवर बोलताना फार खट्टू झाले होते. गुणांची ती पद्धत बदलल्याशिवाय नवीन अभ्यासक्रम कितीही आणले तरी उपयोग नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट. मुलाखतीत मी हमखास एक गणित घालायची. ५० मिलिग्रॅम पदार्थ १०० मिली पाण्यात विरघळवला. त्यातले ५ मिली घेऊन ५० मिलीपर्यंत पातळ केले. आता एका मिलीत किती मायक्रोग्रॅम? उत्तर ५० आहे. कागद-पेन्सिल घेऊन मिनिटाभरात येतं. एम.एस्सी. झालेल्या दहा मुलांत सहा-सात जण इथे अडखळायचे. हीच मुलं फळ्यावर अभिक्रियांच्या यंत्रणा बाण काढून, इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेला ते दाखवत झरझर लिहायची. म्हणून ‘अभ्यासक्रम जुना आहे, त्यात नवीन तंत्रज्ञान घाला’ हे ऐकलं की मी अस्वस्थ होते. अभ्यासक्रमाच्या वरच्या मजल्यावर भरपूर सामान आहे. पाया पोकळ राहिलाय. वजन करणं, पातळ करणं, मोजणं, लिहिणं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा नवीन माणूस लॅबमध्ये हेच करतो.

आता ते आकडे, जे वाचून तुम्ही घाबरला असाल. इंडिया स्किल्स रिपोर्टच्या २०२५ च्या आवृत्तीत ५४.८१ टक्के पदवीधर नोकरीयोग्य म्हटले आहेत. मर्सर-मेटलने त्याच वर्षी काढलेला आकडा ४२.६ टक्के आहे. देश एक, वर्ष एक, आणि फरक बारा टक्क्यांचा! कारण दोघांची फूटपट्टी वेगळी. शिवाय दोन्ही बहुतांशी संगणकावर घेतलेल्या चाचण्यांवर उभे आहेत: तर्क, इंग्रजी, आकडेमोड, संगणक. हातात पिपेट देऊन कोणी कोणाला विचारलेलं नाही. असे आकडे धोरण ठरवणाऱ्यांना दिशा दाखवायला ठीक आहेत. तुमच्या मुलीबद्दल ते काहीही सांगत नाहीत, तेव्हा ते तिच्यासमोर वाचून दाखवू नका.

जे आकडे मी गंभीरपणे घेते ते वेगळे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या रोजगार अहवालात, २०२२ साली देशातल्या तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के होती. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये ३.४ टक्के. याचा अर्थ शिक्षण वाया गेलं असा नाही. अशिक्षित घरातल्या पोराला रिकामं बसणं परवडत नाही. तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर थांबतो, वाट बघतो, परीक्षा देतो. आणि शेवटी नोकरी लागली तरी कुठली? २०२४-२५ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत म्हटलंय की निम्म्याहून अधिक पदवीधर पदवीपेक्षा खालच्या पातळीच्या कामात आहेत. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर २०२४ ची पोलीस भरती. जागा साधारण १७ हजार, अर्ज १७ लाखांच्या वर. अट बारावीची, आणि रांगेत इंजिनिअर, एम.ए., एम.एस्सी. झालेली पोरं. पहाटे पावसात मैदानी चाचणीसाठी थांबलेली ती मुलं बघून त्यांच्यात ‘कौशल्य नाही’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कौशल्याच्या चर्चेत एक साधी गोष्ट झाकली जाते: पदवीला शोभेल अशा जागाच पुरेशा निघत नाहीत. दरी भरली तरी जागा वाढत नाहीत.

यात कंपन्यांचा वाटा मोठा आहे आणि तो कंपनीत राहिलेल्या माणसाने सांगितला पाहिजे. मी १९९८ साली लागले तेव्हा पहिला महिना मला फक्त काचेची भांडी धुवायला दिली होती. कंटाळा यायचा, रडू यायचं. पण भांडं स्वच्छ कधी म्हणायचं, पाणी आतल्या काचेवरून थेंब न राहता एकसारखं ओघळलं की, हे तिथे कळलं. मग महिनाभर वजनकाट्याची रोजची तपासणी. मग सहा महिने एका ज्येष्ठ केमिस्टच्या शेजारी उभं राहून काम. त्या बाईंनी मला एकदाही ‘लवकर कर’ म्हटलं नाही. तेव्हा सहा महिन्यांत हाताशी येईल असा माणूस घ्यायचा, हे कंपनीने धरून चाललेलं असायचं.

पुढे काय झालं ते माझ्याच डोळ्यांदेखत झालं. ज्या कंपनीत मी प्रमुख होते तिथे एका वर्षी प्रशिक्षणार्थींच्या सहा जागा काढून टाकल्या. कारण दिलं की शिकवणाऱ्याचं स्वतःचं काम मागे पडतं आणि सँपल पेंडिंग दिसतात. ते खरंही होतं. एक जण शिकवायला लावला की त्याचं निदान एक तृतीयांश काम कमी होतं. पण त्यानंतर आमच्या जाहिरातीत ‘किमान २ वर्षं अनुभव’ आलं. शेजारच्या कंपनीच्याही आलं. मग सगळे एकमेकांची तयार माणसं दोन-तीन हजार जास्त देऊन ओढायला लागले, आणि नवीन माणूस तयार करायची जबाबदारी कोणाचीच उरली नाही. मी त्या बैठकीत विरोध केला होता, पण पुरेसा जोर लावला नाही, याची मला आजही टोचणी आहे. उद्योगांना ‘कुशल माणसं मिळत नाहीत’ असं म्हणताना ऐकलं की मला त्या सहा जागा आठवतात.

पहिल्या सहा महिन्यांचा खर्च कोणी करायचा, हा सगळ्या भांडणाचा गाभा आहे. कॉलेज म्हणतं आमच्याकडे मशीन नाही. कंपनी म्हणते आमच्याकडे वेळ नाही. मग तो खर्च तुमच्यासारख्या बापाच्या खिशावर येतो, ४० हजारांच्या रूपाने.

यावर कायदा आहे आणि तो नीट वापरला तर तुमचे पैसे वाचतात. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. २०१४ च्या दुरुस्तीनंतर इंजिनिअरिंग सोडून इतर पदवीधरांनाही त्यात घेता येतं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरलं, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत, जिला सगळे नॅट्स म्हणतात, त्यातला निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. नॅट्सच्या पोर्टलवर मुलीची नोंदणी आजच करा. राज्याने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, त्यात पदवीधराला महिना १०,००० ठरले होते. पण तिथे लॅबचंच काम मिळेल याची खात्री करून मगच जा. नाहीतर सगळे महिने फायली लावण्यात जातात आणि पुढच्या मुलाखतीत सांगायला काही उरत नाही. शिकाऊ म्हणून घेऊन वर्षभर राबवायचं आणि वर्ष संपलं की नवीन शिकाऊ आणायचे, असंही काही ठिकाणी चालतं. तेव्हा आत असलेल्या एखाद्या मुलाला विचारा: मागच्या वर्षीच्या शिकाऊंपैकी किती जणांना ठेवून घेतलं?

आता तो क्लास. चांगले क्लास नाहीत असं नाही, मी दोन-तीन बघितलेत. पण भरायच्या आधी मुलीला घेऊन तिथे जा आणि चालू बॅच असताना जा. मशीन किती, मुलं किती? प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने मोबाइल फेज, म्हणजे मशीनमधून सोडायचं द्रावण, बनवायची का, की सर करतात आणि मुलं बघतात? संध्याकाळी कॉलम, म्हणजे घटक जिच्यात वेगळे होतात ती मशीनची नळी, कोण धुतं? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. आमच्याकडे एक मुलगा असाच सर्टिफिकेट घेऊन आला होता. फॉस्फेट बफर, म्हणजे क्षाराचं द्रावण, कॉलममध्ये तसाच ठेवून घरी गेला. सकाळी दुसऱ्या कोणीतरी त्यावर थेट अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलं, क्षार आतच बसला, प्रेशर चढलं आणि हजारो रुपयांचा कॉलम टाकून द्यावा लागला. आधी पाणी सोडून बफर पूर्ण काढायचा आणि मगच ऑरगॅनिक सॉल्व्हंट, हे त्याने वहीत लिहिलेलं होतं. हाताने एकदाही केलेलं नव्हतं. तीस मुलांमागे एक मशीन असेल तर ते ४० हजार वहीत लिहून घेण्यासाठी आहेत. आणि जाहिरातीत ‘एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट’ मागतात ते बघून कोणी म्हणेल की आम्ही ते मिळवून देतो, तर उठून या. ही राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता, ती कंपनीमार्फत, प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर मिळते. क्लासमध्ये ती विकत मिळत नाही.

मुलीने या महिन्यात काय करावं? तिच्या कॉलेजात जावं. एम.एस्सी. झालेली विद्यार्थिनी महिनाभर सकाळी येऊन वजनकाटा, पीएच मीटर आणि ब्युरेटवर हात बसवते म्हटल्यावर बहुतेक विभागप्रमुख नाही म्हणत नाहीत. प्रॅक्टिकलला ज्युनिअर मुलांना मदत कर म्हणतील, ती करावी. एक वही घ्यावी, पानांना आधी नंबर घालावेत, पेनाने लिहावं, जे आलं ते त्याच क्षणी लिहावं. चुकलं तर एक रेघ, सही, तारीख. महिन्याने ती वही मुलाखतीला घेऊन जावी. ७४ टक्क्यांची गुणपत्रिका समोरच्याने शंभरदा बघितलेली असते. अशी वही मी २६ वर्षांत दोनदाच बघितली आणि दोन्ही वेळा त्या मुलांना घेतलं.

इंग्रजीचंही सांगते, कारण मराठी माध्यमातल्या मुली इथे गप्प होतात. फाडफाड बोलता येणं आमच्या कामात फारसं लागत नाही. मी कित्येक मुलाखती मराठीत, कोकणीत घेतल्या आणि मुलं छान बोलली. पण लॅबमध्ये काही चुकलं की त्याचा अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो: काय करत होते, काय दिसलं, कशाला हात लावला नाही, कोणाला सांगितलं. पाच-सहा साधी वाक्यं, भूतकाळातली. तिने रोज एक असा परिच्छेद लिहावा, अगदी कुकर जळाल्याचा लिहिला तरी चालेल. महिन्यात तीस होतील. स्पोकन इंग्लिशच्या क्लासपेक्षा याचा जास्त उपयोग होईल.

आणि फक्त औषध कंपन्यांच्या दारात उभं राहू नका. तुमच्याच जिल्ह्यात आंब्याचा पल्प, काजू आणि निर्यातीची मासळी यांचे कारखाने आहेत, त्यांना माल तपासून द्यावा लागतो. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्याही आहेत. अन्न तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आहेत, एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या. तिथे पगार कमी असतो, मी बघितलेले १२ ते १५ हजार, पण नवीन माणसाला मशीनपर्यंत लवकर जाऊ देतात. एनएबीएलची शिस्त आमच्या शिस्तीची सख्खी बहीण आहे. तिथे वर्षभर नीट काम केलेल्या मुलीला औषध कंपनी ‘अनुभव नाही’ म्हणू शकत नाही. आमच्याकडे अशा चार जणी आल्या होत्या, त्यातल्या दोघी आज सेक्शन सांभाळतात.

एक गोष्ट मुलीच्या बाबतीत वेगळी असते, ती लपवण्यात अर्थ नाही. क्वालिटी कंट्रोलची लॅब तीन पाळ्यांत चालते. कारखाने कायद्यात १९४८ पासून बायकांना रात्री ७ ते सकाळी ६ कामावर ठेवायला मनाई होती, पुढे अटींवर परवानगी मिळत गेली. पण बस आणि सुरक्षिततेची सोय करण्यापेक्षा मुलगेच घ्यायचे, अशी बऱ्याच मॅनेजरांची सवय अजून गेलेली नाही. ‘अनुभव नाही’ या उत्तरामागे कधीकधी हेच असतं. म्हणून अर्जाच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा की तिला कोणत्या पाळ्या चालतील. रात्रपाळीला तुमची घरून हरकत असेल तर तेही आधीच आपसात ठरवून घ्या. मुलाखतीच्या खुर्चीत बसून तिला ‘बाबांना विचारून सांगते’ म्हणायला लावू नका. लोट्याला चिपळूणहून जाऊन-येऊन करता येईल. महाडला खोली बघावी लागेल, दोघी-तिघींनी मिळून घेतली तर परवडते. कंपनीची बस कुठून सुटते आणि दुसऱ्या पाळीची मुलं रात्री कशी परततात, हे मुलाखतीच्या शेवटी तिने स्वतः विचारावं. मी प्रमुख असताना ज्या मुलीने हे विचारलं, तिच्या नावापुढे मी खूण करून ठेवायची, कारण ती यायचं ठरवून आलेली असायची.